साध्या मजकुराची फाइल छापताना ओळी कापल्या जातात? आधी फोल्ड, मग पीआर

टेक्स्ट फाइल थेट प्रिंटरला पाठवली की लांब ओळी कडेला कापल्या जातात नाहीतर शब्दाच्या मधेच तुटतात, आणि पानांवर क्रमांकही नसतात. लिनक्समधल्या दोन जुन्या कमांड, ओळी मोडणारी फोल्ड (fold) आणि पानं पाडून शीर्षक व क्रमांक देणारी पीआर (pr), पाइपने (एकीचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या | चिन्हाने) जोडल्या की हे मिटतं.

१. फोल्डला डॅश एस आणि डॅश डब्ल्यू ७० द्या. ओळ ७० अक्षरांच्या आत, शक्यतो मोकळ्या जागेवर मोडते. फाइलमध्ये टॅब असतील तर त्याआधी एक्स्पांड (expand, टॅबच्या जागी स्पेस टाकणारी कमांड) चालवा.

२. त्याचं आउटपुट पीआरला: डॅश एल ६० (पानाच्या ओळी), डॅश ओ ६ (डावा समास) आणि डॅश एचपुढे अवतरणात शीर्षक. शीर्षक विसरू नका. पाइपमधून आलेल्या मजकुराला फाइलचं नाव नसतं, त्यामुळे वरची जागा कोरी राहते.

३. आधी लेसमध्ये (less, मजकूर पडद्यावर दाखवणारी कमांड) पाहा, मग शेवटी एलपी (lp, प्रिंटरला पाठवणारी कमांड) जोडा.

काही न सांगितल्यास पीआर पान ६६ ओळींचं धरतं, त्यातल्या १० वरच्या-खालच्या पट्ट्यांत जातात. प्रिंटरच्या पानावर तेवढ्या ओळी मावत नसतील तर शीर्षक दर पानागणिक खाली सरकत जातं. डॅश एल ६० त्यासाठीच, तरीही सरकलं तर आणखी दोन-तीन कमी करा. दोन रकान्यांचा मोह मात्र टाळा, कारण डॅश २ दिलं की जास्तीची अक्षरं पीआर गुपचूप छाटून टाकतं.

सावधान: बऱ्याच सिस्टिमवरचं फोल्ड अक्षरं नव्हे, बाइट मोजतं. यूटीएफ-८ (अक्षरं साठवण्याची नेहमीची पद्धत) मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणून मराठी ओळी फारच आखूड होतात.