सोलापूरच्या माळावर पाल, सरडा आणि सापसुरळी ओळखताना

माळावर नव्याने फिरू लागलेले लोक पावसाळ्यात एक फोटो हमखास दाखवतात. दगडाखालून निघालेला, तेल लावल्यासारखा चमकणारा लांबोडका प्राणी, आणि प्रश्न ठरलेला: हा सॅलॅमँडर का? नाही. भारतात सॅलॅमँडर आहे तो दार्जिलिंग-सिक्कीमपासून पुढे ईशान्येच्या डोंगरांत. त्याच्या अंगावर खवले नसतात, बोटांना नख्या नसतात आणि पुढच्या पायाला चारच बोटं असतात. नान्नजच्या गवतात किंवा हिप्परगा तलावाच्या काठी चमकताना दिसते ती सापसुरळी. चमक ओलाव्याची नसते, गुळगुळीत खवल्यांची असते.

खरी फसगत पुढे होते, सापसुरळी आणि ऑफिसॉप्स यांच्यात. ऑफिसॉप्स म्हणजे बोटभर लांबीचा, अंगावर फिकट पट्टे असलेला, उघड्या जमिनीवर सुसाट पळणारा सरडा. दोघांच्याही डोक्यावर मोठ्या ढाली, म्हणजे मोठे चपटे खवले, दोघेही तपकिरी. फरक डोळ्यात आहे. ऑफिसॉप्सला उघडझाप करणारी पापणी नाही, सापासारखा पारदर्शक पडदा असतो. सापसुरळी चक्क डोळे मिटते. दोन मिनिटं न हलता दुर्बिणीतून डोक्याकडे बघत राहिलात तर एवढ्यावरच निकाल लागतो. ते जमलं नाही तर मागच्या मांडीची खालची बाजू बघा. ऑफिसॉप्सच्या मांडीवर बारीक छिद्रांची रांग असते, सापसुरळीला ती नसतेच.

सापसुरळ्यांमध्येही दोन घराणी आहेत, युट्रोपिस आणि रिओपा. युट्रोपिसचे पाय दणकट. पुढचा पाय मागे आणि मागचा पुढे अंगालगत दुमडला अशी कल्पना केली तर दोन्ही एकमेकांना टेकतात. रिओपाचे पाय इवलेसे, मध्ये चांगलं अंतर उरतं. पिल्लाची शेपटी लालभडक असेल तर बहुधा रिओपा पंक्टाटा, आणि हिलाच लोक सापाचं पिल्लू समजून मारतात. युट्रोपिसच्या पाठीवरच्या प्रत्येक खवल्यावर उभ्या कण्या, म्हणजे बारीक उंचवट्याच्या रेघा असतात: कॅरिनाटा जातीत साधारण 3 ते 7, मॅक्युलॅरिया जातीत 5 ते 9. आकडे एकमेकांत शिरतात, म्हणून नुसत्या कण्या मोजून नाव ठोकू नका. कॅरिनाटा अंगाने बरीच मोठी होते, आणि विणीच्या काळात मॅक्युलॅरियाच्या नराचा ओठ-गळा लालसर होतो. हेही जोडीला धरा.

सरड्यांच्या बाबतीत मागच्या पायाची बोटं मोजायची. नेहमीच्या सरड्याला, म्हणजे कॅलोटेसला, पाच. गळ्याचा पंखा उघडणाऱ्या माळावरच्या सरड्याला चार. कॅलोटेसचं पिल्लू आणि पंखेवाल्याची मादी शेजारी बसली तर रंगावरून कुणीही फसेल, बोटांवरून फसणार नाही. कॅलोटेसच्या कानामागे वरच्या बाजूला दोन सुटे काटेही असतात. पंखेवाल्यांची 2016 साली सिटाना आणि सारडा अशा दोन घराण्यांत विभागणी झाली. निळा-काळा-नारिंगी झळाळता पंखा उघडलेला नर दिसला तर सारडा म्हणायला हरकत नाही. मादीवर मात्र हट्ट धरू नये. 'चारबोट्या, सिटाना किंवा सारडा' एवढं लिहून थांबणं जास्त शहाणपणाचं. नर बघायचे तर एप्रिल-मे महिन्यात सकाळी लवकर जा. अकरानंतर दगड तापले की माळ रिकामा.

पालींना वेगळी युक्ती. रात्री दिव्याजवळच्या खिडकीच्या काचेवर पाल बसली की काचेच्या पलीकडून फोटो घ्या. बोटांखालच्या पट्ट्या, मांडीवरची छिद्रं, सगळं न पकडता मिळतं. छिद्रं नरातच ठळक असतात. फ्रेनाटस जातीच्या पालीत ती एका मांडीपासून दुसऱ्या मांडीपर्यंत सलग जातात. फ्लॅविविरिडिस जातीत दोन्ही बाजूंना थोडी थोडी, मध्ये मोकळी जागा. पाठ गुळगुळीत की दाणेदार, तेही टिपा. जमिनीवर जाडसर, पट्टे-ठिपक्यांची, पापण्या मिटणारी, बोटं बारीक आणि चिकट गाद्या नसलेली पाल दिसली तर ती युब्लेफॅरिस. तिला विषारी म्हणून ठेचतात. माणसाला विषबाधा करेल अशी एकही पाल आपल्याकडे नाही.

फोटो पाच हवेत: डोकं बाजूने, पाठ वरून, मागचा पाय, पोटाकडची बाजू मिळाली तर, आणि पूर्ण प्राणी. फक्त वरून घेतलेला फोटो बहुतेकदा वाया जातो. मापासाठी प्राणी निघून गेल्यावर त्याच जागी दहाचं नाणं ठेवून तितक्याच अंतरावरून दुसरा फोटो काढा. नाणं 27 मिलिमीटरचं असतं. लांबी नाकाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंत धरायची. शेपटी तुटून पुन्हा आलेली असू शकते, आणि नव्या शेपटीवरचे खवले, रंग, काटे मूळच्यासारखे नसतात. कात टाकायच्या बेतातला प्राणी तर सगळ्याच खुणा फिक्या करून बसतो.

दगड उलटताना आपल्यापासून लांबची कड वाकड्या टोकाच्या आकडीने उचला, म्हणजे दगड आपल्या आणि आतल्या फुरशा-विंचवाच्या मध्ये राहतो. नंतर होता तसाच परत ठेवा, नाहीतर खालचा ओलावा एका दुपारीत उडून जातो. हाताने पकडू नका. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि माळढोक अभयारण्याच्या हद्दीत शिरण्याआधी वनखात्याची परवानगी काढावी लागते.