दूरच्या चंद्रांवरच्या यानाचं चित्र काढताय? या चुका टाळा

दिवसा मी साताऱ्यात फ्लेक्स आणि लग्नपत्रिका डिझाइन करतो, रात्री ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर उघडून गुरू-शनीच्या चंद्रांवर यानं उतरवतो, आणि हे बरीच वर्षं चाललंय म्हणून आता पोरं आपापली चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, 'दादा, बघा ना जरा'. बघतो. यान एकदम कडक असतं, बोल्ट न् बोल्ट मोजून घ्यावा असं, पण ते उभं कुठंय म्हणाल तर कुठंच नाही. 'हा कुठला चंद्र?' विचारलं की उत्तर येतं, 'असाच, कुठलातरी'. बाकीच्या सगळ्या चुका इथनंच निघतात.

सगळ्यात जास्त दिसते ती धुक्याची चूक, आणि ती बघून बघून मी खरंच वैतागलोय. लांबचं लांब वाटावं म्हणून मागच्या डोंगरांवर निळसर फिका थर मारायचा. डोळ्याला तशी सवयच आहे आपल्या, सकाळी अजिंक्यताऱ्यावरनं जरंड्याकडं बघा, डोंगर निळा दिसतो आणि त्याच्या मागचा अजून फिका. पण ते काम हवेचं आहे. गुरूच्या युरोपावर, शनीच्या एन्सेलाडसवर म्हणावी अशी हवाच नाही, तिथं पाच किलोमीटरवरचा कडा पायाजवळच्या दगडाइतकाच धारदार दिसणार. १९७१ मध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर शेपर्ड आणि मिचेल आपल्या चंद्रावर कोन क्रेटर या विवराचा काठ शोधत चढत राहिले, तिथंही हवा नाही, अंतराचा अंदाजच येईना, काठापासून साधारण ३० मीटरवर पोचले होते तरी तो दिसला नाही आणि तसेच माघारी फिरले. म्हणून मी मिस्ट पास, म्हणजे ब्लेंडरमधला लांबच्या गोष्टींवर धुकं चढवायचा थर, बंदच ठेवतो. खोली पाहिजे असेल तर एकामागं एक कडे उभे करा, सावल्या लांब पाडा, क्षितिज जवळ आणा. एन्सेलाडस अवघा ५०० किलोमीटर व्यासाचा, सपाट जागी माणूस उभा राहिला तर क्षितिज एक किलोमीटरच्या आतच संपतं.

मग शनीची कडी. ही चूक मी स्वतः केलीय, आठ बाय चार फुटांच्या फ्लेक्सवर. एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एन्सेलाडस काढला होता, दक्षिण ध्रुवावरनं उडणारे बर्फाचे फवारे, मधे यान आणि वर शनी, कडी ताटासारखी पसरलेली. दोन रात्री रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर पक्कं चित्र तयार होणं, चालला, तिसऱ्या रात्री लाइट गेली ते परत पहिल्यापासून. फ्लेक्स लागला, सर आले, मला आठवीत विज्ञान त्यांनीच शिकवलेलं. बराच वेळ नुसते बघत राहिले. मग बशीतला चहा संपवला आणि ती रिकामी बशी माझ्या डोळ्यांसमोर अगदी आडवी धरली. 'काय दिसतंय रे?' म्हटलं, कड दिसतीय सर. 'तुझा चंद्र या बशीच्याच पातळीत फिरतो ना? मग तिथनं ती ताटासारखी कशी दिसली तुला?' बशीच्या कडेला चहाचा एक थेंब लोंबत होता, तो मला अजून दिसतो. फ्लेक्स बदलायला वेळ नव्हता, मग प्रदर्शन संपेपर्यंत मी रोज तिथं जाऊन पोरांना सांगत बसलो की ही कडी चुकलीत, खरी कशी दिसतात ते बघा, आणि हातात बशी.

तर एन्सेलाडसवरनं शनी जवळजवळ ३० अंश रुंद दिसतो, आपल्या चंद्राच्या पन्नास पटींहून जास्त, आणि कडी म्हणजे त्याच्यावरनं गेलेली नुसती बारीक रेघ, त्यांच्या सावल्या मात्र शनीच्या अंगावर काळ्या पट्ट्यांसारख्या पडतात. फवारे दाखवायचे तर तुम्ही ध्रुवावर आहात, तिथनं शनी क्षितिजावर अर्धाच वर असणार आणि कड्यांची रेघ क्षितिजालगत आडवी. पसरलेली कडी हवीच असतील तर शनीच्याच आयापिटस या चंद्रावर जा, त्याची कक्षा साधारण १५ अंश कललेली आहे, फक्त तिथनं शनी आपल्या चंद्राच्या चौपटीच्या आसपासच दिसतो.

बाकीचं पटापट सांगतो. शनीच्या टायटन या चंद्राच्या जमिनीवरनं शनी दाखवू नका, त्या नारिंगी धुरकट हवेतनं तो डोळ्याला दिसत नाही, आणि धुकं मारायची हौस असेल तर ती तिथं भागवा, तिथं उतरलेल्या ह्युजेन्स यानानं २००५ मध्ये पाठवलेला फोटो समोर ठेवून. उन्हातली जमीन असेल तर आकाशात तारे भरू नका. निर्वातात इंजिनाखाली लांबलचक केशरी ज्वाळा नको, झोत लगेच फाकतो आणि जवळजवळ दिसेनासा होतो. युरोपा निळा निऑन नाही, मळकट पांढरा आहे, वर तांबूस-तपकिरी रेघा. शनीपाशी ऊन पृथ्वीच्या नव्वदाव्या हिश्श्याइतकं, तिथं टीचभर सोलर पॅनेल लावून यान चालत नाही, शनीभोवती फिरलेलं कॅसिनी यान प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज बनवायचं, आणि गुरूकडं निघालेल्या युरोपा क्लिपर यानाची पॅनेलं या टोकापासून त्या टोकापर्यंत ३० मीटर आहेत.

उजेडाचं मात्र नीट ऐका. रेडिमेड मॉडेल आणायचं, त्याच्यावर पृथ्वीच्या आकाशाची एचडीआरआय, म्हणजे चहूबाजूंनी उजेड देणारा फोटो, लावायची आणि तासाभरात चित्र टाकायचं, ही घाई मला अजिबात पटत नाही. त्या एचडीआरआयमधनं निळा उजेड सावल्यांत शिरतो आणि युरोपाचं महाबळेश्वर होतं. एकच सन लाइट ठेवा, त्याचा अँगल गुरूपाशी ०.१ अंश, शनीपाशी ०.०५ च्या जरा वर, कारण सूर्य तिथनं तेवढाच दिसतो. सावलीची कड सुरीसारखी आली पाहिजे. दुसरा उजेड फक्त समोरच्या ग्रहाचा, मंद.

माझी स्वतःची सवय म्हणजे कॉम्प्युटर लावायच्या आधी रात्री गच्चीवर जायचं. परातीत मुरूम पसरतो, मधे चॉकलेटचा सोनेरी कागद चुरगाळून ठेवतो, यानाच्या अंगावरचं सोनेरी वेष्टण जिथं घडी पडते तिथं पांढरं चमकतं आणि शेजारी एकदम काळं होतं ते त्याच्यात बरोबर दिसतं. टॉर्च लांब कठड्यावर, जवळ आणली की सावलीच्या कडा मऊ होतात. मग मोबाइलनं दहा-बारा फोटो. मुरूम कोरडाच घ्या, ओल्याला चमक येते आणि तीच चमक मग चित्रात उतरते.