लपून ऐकायची गाणी उघड कशी ऐकायची

आधी मोबाईल घ्या आणि यूट्यूबची हिस्टरी उघडा. काय ऐकता असं कुणी विचारलं की आपण जी नावं सांगतो ना, भीमसेनजी, किशोरीताई, आरडी, ती जरा बाजूला ठेवा आणि गेल्या पंधरा दिवसांत भांडी घासताना, जिममध्ये, लोकलमध्ये इयरफोन घालून खरंच काय काय ऐकलंय ते बघा. त्यातली जी गाणी खोलीत कुणी आलं की तुम्ही पटकन बदलता किंवा आवाज कमी करता ती एका कागदावर लिहा, दहा पुरेत. आणि प्रत्येक गाण्यापुढे लिहा की हे नेमकं कुणासमोर लावायला अवघड वाटतं. सासरे, ऑफिसमधला ग्रुप, गाण्याच्या क्लासच्या बाई, जे असेल ते खरं लिहायचं, कागद कुणाला दाखवायचा नाहीये.

हा दुसरा रकानाच महत्त्वाचा. मी हे केलं तेव्हा दहापैकी सात गाण्यांपुढे एकच उत्तर आलं, आमच्या घरातले मोठे लोक. आमच्याकडे रेडिओ म्हणजे नाट्यसंगीत आणि भावगीतं, आणि एसटी स्टँडवर किंवा कोपऱ्यावरच्या टपरीवर कॅसेटवर जे वाजायचं त्याला आई 'असली गाणी' म्हणायची. असली म्हणजे कसली ते कधी कुणी सांगितलं नाही. मोठी झाल्यावर कळलं की त्या शब्दात गाण्याबद्दल फार थोडं होतं, ती गाणी कुठल्या वस्तीत वाजतात, कोण गातं, कोण त्यावर नाचतं याबद्दलच जास्त होतं.

प्रल्हाद शिंदेंचंच घ्या. विठ्ठलाची गाणी, भीमगीतं, कव्वाल्या, लोकगीतं, सगळं त्यांनी त्याच एका खणखणीत आवाजात गायलं. त्यांची विठ्ठलाची गाणी आषाढीला आमच्या घरात लागायची आणि सगळे मन लावून ऐकायचे, आणि त्याच गळ्यातलं भीमगीत १४ एप्रिलला चौकात लागलं की आमची खिडकी बंद व्हायची. आवाज तोच, ढोलकी तीच. मला हे आठवलं की आजही वाईट वाटतं, कारण खिडकी लावायला मीच उठायचे. म्हणून म्हणते, तुमच्या यादीतल्या प्रत्येक गाण्याला हा प्रश्न विचाराच, की मला गाणं खटकतंय की ते ऐकणारी माणसं माझ्या घरात खटकायची. उत्तर दुसरं निघालं तर ते गाणं लपवणं तिथेच थांबवा.

आणि चांगलं-वाईट संगीत ठरवणारे लोक किती चुकलेत हेही माहीत असू द्या, मनावरचं ओझं उतरतं त्याने. १९५२ मध्ये बा. वि. केसकर, आपले मराठीच, देशाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात ऑल इंडिया रेडिओवरून फिल्मी गाणी जवळजवळ गायबच झाली, का तर लोकांची अभिरुची बिघडते. लोकांनी काय केलं, काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं, त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला, हिंदी फिल्मी गाण्यांचा कार्यक्रम, सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठला लोक रेडिओला चिकटून बसायला लागले. शेवटी १९५७ मध्ये सरकारलाच विविध भारती काढावी लागली. म्हणजे आज ज्या गाण्यांना आपण सुवर्णकाळ म्हणतो ती एके काळी देशाच्या रेडिओवर नको होती! पेटीचंही तेच, १९४० पासून तब्बल तीसेक वर्षं ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी होती, आणि आज पेटीशिवाय कीर्तन करून दाखवा बरं.

आता ऐकायचं कसं. लपून ऐकताना आपण अर्धवट ऐकतो, एक कान दाराकडे असतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा, अर्धा तास, बरे हेडफोन घालून, दुसरं काहीही न करता यादीतलं एकच गाणं तीनदा ऐका.

पहिल्यांदा फक्त ठेका. लोकगीत असेल तर ढोलकीवर लक्ष ठेवा, एका तोंडाचा टणक उंच सूर आणि दुसऱ्या तोंडाचा घुमारा हे वेगळे ऐकू यायला लागले की वाजवणारा काय करतोय ते दिसायला लागतं, कुठे तो गायकाला मोकळं सोडतो, कुठे ओळ संपायच्या आधीच पुढच्या समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, तयारी करतो. मग मागे तुणतुणं आहे का, झांज आहे का, शोधा. बेंजो असेल तर तर मजाच आहे, गणपतीच्या मिरवणुकीत ज्याच्यावर कोकणात आणि मुंबईत गल्ल्याच्या गल्ल्या नाचतात ते वाद्य मुळात जपानचं ताइशोगोतो, १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिताने टाइपरायटरसारखी बटणं लावून केलेलं. ते इथे येऊन आपलं कधी झालं आपल्यालाच कळलं नाही.

झंकार बीट्सवाली गाणी यादीत असतील तर मूळ गाणं आणि झंकारवालं लागोपाठ लावा. मूळ गाण्यावर वरून जास्तीचा इलेक्ट्रॉनिक ठेका आणि एको चढवलेला असतो, तो कुठे सुरू होतो, कुठे तबला झाकून टाकतो ते नीट कळतं. माझं मत विचाराल तर काही गाण्यांत तो खरंच आड येतो आणि काही गाण्यांत, विशेषतः संथ चालीच्या, तो गाण्याला रस्त्यावर घेऊन येतो, इंजिनच्या आवाजात आणि स्वस्त स्पीकरमध्येसुद्धा ते गाणं ऐकू जातं. ट्रक आणि रिक्षावाल्यांनी ते उचललं याचं मला अजिबात नवल वाटत नाही.

दुसऱ्यांदा फक्त आवाज. श्वास कुठे घेतला, शब्द कुठे दाबला, कुठे सोडला. कुमार सानूंना 'नाकात गातो' म्हणून हसणारे खूप भेटतील, पण त्यांना सलग पाच वर्षं फिल्मफेअर मिळालं ते काय उगीच नाही, एक ओळ घ्या आणि तो शेवटचा स्वर किती हलका सोडतात ते ऐका. मग स्वतः म्हणून बघा, म्हणजे समजेल. शिंदे घराण्याच्या गाण्यात वरच्या पट्टीत शब्द एवढा स्पष्ट कसा राहतो हे तर मला अजूनही नीट उलगडलेलं नाही आणि मी पाच वर्षं शास्त्रीय शिकलेय.

तिसऱ्यांदा शब्द. इथे जरा थांबायचं, कारण सगळीच लाज खोटी नसते. काही गाण्यांचे शब्द खरोखर वाईट असतात, मुलगी नाही म्हणतेय आणि गाणं म्हणतं तिचं नाही म्हणजे हो, किंवा कुठल्या तरी जातीवरून, रंगावरून टोमणा. तिथे अवघड वाटतंय तर ते वाटू द्या, ठेका कितीही भारी असला तरी ते गाणं लहान मुलांसमोर किंवा पार्टीत लावू नका, मी अशी दोन गाणी यादीतून काढून टाकली. पण शृंगार म्हणजे वाईट असं समजून लावण्या काढू नका. चांगल्या लावणीत बाई स्वतःच्या तोंडाने स्वतःची इच्छा सांगते, खट्याळपणे सांगते, त्यात लपवण्यासारखं काय आहे? सुलोचना चव्हाण डोक्यावर पदर घेऊन लावणी गायच्या आणि एक एक शब्द असा टाकायच्या की समोरचा हलायचा नाही. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या लावण्या आमच्या घरी दार लावून ऐकल्या जायच्या.

ॲपबद्दल थोडक्यात. स्पॉटिफायवर प्रायव्हेट सेशन असतं, यूट्यूबवर हिस्टरी पॉज करता येते, म्हणजे ऐकलेलं नोंदीत दिसत नाही. वर्षाच्या शेवटी ॲप वर्षभरात काय ऐकलं त्याचा हिशोब देतं, तो शेअर करताना ही गाणी दिसतील म्हणून लोक हे वापरतात. मी फक्त भाचीची बालगीतं लावताना वापरते, नाहीतर पुढचे आठ दिवस ॲप तीच सुचवत बसतं. तुमच्या आवडीच्या गाण्यांसाठी वापरू नका, उलट एक प्लेलिस्ट करा आणि तिला साधं नाव द्या. 'टाइमपास', 'फालतू', 'कुणाला सांगू नका' असलं नाव देऊ नका, आपणच नावात माफी मागायची आणि मग दुसऱ्याने मान द्यावा म्हणायचं, असं कसं चालेल.

मग दुसऱ्यांसमोर लावा. सगळ्यात सोपी जागा म्हणजे गाडी, लांबचा प्रवास, घाट सुरू झाला की. एकच गाणं लावा. लावायच्या आधी 'हे जरा असंच आहे हं' म्हणायचं नाही, हे सगळ्यात कठीण आहे पण जीभ आवराच. कुणी हसलं तर हसू दे, गाणं मध्येच बंद करू नका, आणि संपल्यावर एकच गोष्ट सांगा जी तुम्ही त्या तीन वेळा ऐकण्यात पकडलीये, ती ढोलकीची जागा, तो सोडलेला स्वर. मी हे लोणावळ्याच्या पुढे घाटात मावशीसमोर केलं, ती पक्की नाट्यसंगीतवाली. ती काही बोलली नाही, दोन बोगदे गेले, मग म्हणाली, "अगं परत लाव ते, तो ढोलकीवाला मध्ये काहीतरी करतो ते नीट ऐकू नाही आलं मला."

उघड म्हणजे शेजाऱ्यांच्या डोक्यावर स्पीकर नाही हं. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, आणि दिवसाही रहिवासी भागात मर्यादा ५५ डेसिबलची आहे. तुमच्या गाण्याला कुणी नावं ठेवू नयेत असं वाटत असेल तर आजारी माणसाच्या भिंतीपलीकडे ते दणदणवू नका, मग ते लोक गाण्यालाच शिव्या देतात.

आणि आपण लावायला लागलो की दुसरे पण आपापली गाणी पाठवायला लागतात. माझ्या ऑफिसमधल्या एका दादांनी परवा एकदम घाबरत एक लिंक पाठवली, खाली लिहिलं होतं हसू नका. असं कुणी पाठवलं तर इमोजी टाकायच्या आधी गाणं शेवटपर्यंत ऐका, आणि मग त्यातली कुठली जागा आवडली ते मिनिट-सेकंदासकट लिहून पाठवा.