आधी गटार, मग रंग: शहरातला दुर्लक्षित वाडा लोकांनीच सावरायचा तर

गोव्यात पंचायतीच्या गावाला ग्रामसभा आहे. तिथे उभं राहून सरपंचाला जाब विचारता येतो. पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को इथल्या वाड्यांना, म्हणजे शहरातल्या वस्त्यांना, ती सोय नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने प्रभाग समिती सक्तीची केली ती ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या शहरांत, आणि गोव्यातलं एकही शहर तिथवर पोचत नाही. त्यामुळे आपलं म्हणणं मांडायची जागा वाड्यालाच तयार करावी लागते. ती तयार करताना पहिलं काम म्हणून भिंती रंगवायला घेऊ नका. रंगवलेली गल्ली जूनमध्ये तुंबली की पुढच्या बैठकीला कोणी फिरकत नाही.

पाहणी पावसातच

बांधकाम नोव्हेंबरनंतरचं असलं तरी पाहणी जुलैतच करायची. मोठी सर येऊन गेली की अर्ध्या तासाच्या आत चौघांनी वाडा फिरावा. पाणी कुठे साचलं, किती सेंटीमीटर, ओसरायला किती वेळ लागला, हे घर क्रमांकासह वहीत लिहावं. त्याच ओळीत त्या दिवसाची भरतीची वेळ टाकावी. ही नोंद बहुतेक जण विसरतात, आणि तिथेच पुढचा खर्च वाया जातो.

कारण साधं आहे. उधाणाच्या दिवसांत इथे भरती-ओहोटीत २ मीटरच्या आसपास फरक पडतो. खाडीकाठच्या सखल वाड्यात भरतीच्या वेळी गटाराचं तोंडच पाण्याखाली जातं आणि खाडी उलटी आत शिरते. अशा ठिकाणी गटार दुप्पट रुंद केलं तरी फक्त जास्त पाणी आत येईल. तिथे मागायची ती तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीचं (बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेचं) दार करतं तेच काम. भरतीचं पाणी बाहेर थोपवलं तरी आतलं पावसाचं पाणी ओहोटी लागेपर्यंत थांबणारच, हेही लोकांना आधी सांगून ठेवावं. ओहोटीतसुद्धा पाणी हलत नसेल, तर दोष गाळाचा किंवा उताराचा.

उतार मोजायला गवंड्याची पारदर्शक नळी पुरते. तिच्यात पाणी भरायचं, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि दोन्ही टोकांना गटाराच्या तळापासून पाण्याच्या पातळीपर्यंतचं अंतर मोजायचं. मीटरमागे १ सेंटीमीटर उतार चांगला. म्हणजे २० मीटरच्या गल्लीत २० सेंटीमीटर. अर्ध्या सेंटीमीटरच्या खाली गेलात की गाळ बसायला लागतो. आणखी एक नेहमीचा घोळ: जुन्या थरावर हॉटमिक्सचा नवा थर चढत जातो, रस्ता उंचावतो आणि घरांची जोती खाली राहतात. म्हणून डांबरीकरणाच्या मागणीत ‘जुना थर खरवडून’ हे शब्द लिहायलाच हवेत.

जागा कोणाची

पालिकेकडे दिलेला अर्ज अडतो तो इथे. एकाच गल्लीचा एक तुकडा नगरपालिकेचा, दुसरा सार्वजनिक बांधकाम खात्याचा, तिसरा कोमुनिदादीचा (गावच्या जुन्या सामायिक जमीनसंस्थेचा) किंवा एखाद्या भाटकाराचा (जमीनदाराचा) असू शकतो. खाजगी जागेवर मालकाचा ना हरकत दाखला नसेल तर पालिकेचा अभियंता अंदाजपत्रकच करत नाही. सिटी सर्व्हेचा नकाशा आणि फॉर्म डी (मालकीची नोंद असलेला उतारा) आधी काढा. मुंडकारांची (भाटकाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांची) घरं असतील तर मामलेदार कचेरीत त्यांची नोंद झालेली आहे का, तेही तपासून घ्या. वाडा सुधारला, भाव चढला की हाच प्रश्न पुन्हा डोकं वर काढतो.

माणसं आणि पैसे

बैठक संध्याकाळी ७ नंतर ठेवावी. दुपारच्या झोपेच्या वेळी बोलावलीत तर खुर्च्याच भेटतील. सूचना मराठी, कोंकणी, हिंदी आणि गरज असेल तिथे कन्नडमध्ये लावावी. भाडेकरूंना वगळू नये. खोल्यांत राहणाऱ्या कामगारांना बोलावलं नाही तर कचऱ्याचं वेळापत्रक निम्म्या वाड्याला कळतच नाही, आणि मग दोषही त्यांनाच दिला जातो.

संस्था नोंदवायची घाई नको. अर्ज द्यायला सह्या पुरतात. देणगी घ्यायची झाली तर ७ जणांनी सोसायटी नोंदवावी आणि बँक खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या लागतील असं करावं. दर घरामागे महिना ५० रुपये धरले तर ६० घरांचे ३,००० होतात. त्यातून झाडू, फावडी, छपाई, गाळ उचलायचा टेम्पो एवढंच करावं. गटार बांधणं हे पालिकेचं काम; वर्गणीतून ते केलंत तर पुढची दुरुस्तीही तुमच्याच गळ्यात पडते.

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. वही आणि फोटोंसह अर्ज ऑगस्टमध्ये गेला पाहिजे, म्हणजे अंदाजपत्रक दिवाळीच्या सुमाराला आणि काम जानेवारी-फेब्रुवारीत येण्याची आशा धरता येते. अर्जाची एक प्रत आवक शिक्का मारून आपल्याकडे ठेवा. काम सुरू झालं की माहिती अधिकाराखाली १० रुपये भरून करार, मोजमाप पुस्तिका आणि दोष दुरुस्तीची मुदत मागा. उत्तराला ३० दिवस लागतात. मुदतीत गटार फुटलं तर ठेकेदाराने फुकट दुरुस्त करायचं असतं, पण मुदतीची तारीख ठाऊक नसल्याने तसं सांगायला कोणी जातच नाही. दिव्यासाठी वीज खात्याच्या १९१२ वर तक्रार करताना खांबाचा क्रमांक सांगावा.

झाकण आणि गाळ

६० बाय ४५ सेंटीमीटरची, साडेसात सेंटीमीटर जाडीची काँक्रीटची लादी सुमारे ५० किलो भरते. दोघांना उचलता येते, पण तिला लोखंडी कड्या असतील तरच. कड्या नसलेली झाकणं एकदा बसली की पहारीने फुटेपर्यंत निघत नाहीत. ओतल्यावर निदान ७ दिवस पाणी मारलं पाहिजे. गाळ मेच्या मध्यापर्यंत काढावा आणि पाणी निथळलं की दोन दिवसांत उचलावा. काठावर ठेवलेला ढीग पहिल्या सरीत परत गटारात जातो.

रंग शेवटी

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा, वर चुन्याचे ३-४ पातळ हात, हे बरं. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) तोंडावर घर रंगवायची आपली रीत आहे. पण तेव्हा भिंतीने तीन महिने पाऊस प्यालेला असतो. ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट तेव्हा लावला तर नाताळपर्यंत फुगतो. वाड्याचा सामायिक रंग डिसेंबर ते मार्चमध्येच लावावा, आणि त्याआधी पणजीतल्या फोंताइन्हास या रंगीत घरांच्या जुन्या वस्तीतल्या रहिवाशांना दारासमोरच्या फोटोवाल्यांचा किती जाच होतो, ते एकदा विचारून यावं.