कॅथलिक शाळेत लेंटचं काम पहिल्यांदाच गळ्यात पडलंय? मग हे वाचा

मी वसईत मराठी माध्यमाच्या एका कॅथलिक शाळेत शिकवते आणि धर्मशिक्षणाचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. जानेवारी संपत आला की कुठल्या तरी शाळेतली नवीन टीचर विचारतेच, की हेडमिस्ट्रेसनी उपवासकाळाचं, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या लेंटचं, बघायला सांगितलंय, म्हणजे नक्की काय काय बसवू? तर माझं म्हणणं एकच, की बसवू नका फार. नाटक, चार्ट स्पर्धा, भजन स्पर्धा, पोस्टर असं सगळं घेतलं की मुलं दमतात, तुम्ही दमता आणि प्रार्थना राहूनच जाते. थोडंसंच करा पण दर आठवड्याला त्याच वारी त्याच तासाला करा, आणि ज्याला यायचंय त्यानेच यावं असं ठेवा.

आधी कॅलेंडर घेऊन बसा. ईस्टरची तारीख दर वर्षी हलते म्हणून राखेचा बुधवारही, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, हलतो. 2025 चंच बघा, राखेचा बुधवार 5 मार्चला, तेव्हा दहावीची बोर्डाची परीक्षा ऐन रंगात, त्यात आमची शाळा सेंटर म्हणजे अर्धी इमारत बंद. रमजान 2 मार्चलाच सुरू झालेला, धुळवड 14 मार्चला शुक्रवारी, गुढीपाडवा 30 मार्चला. हे आधी नाही बघितलं तर क्रुसाची वाट (येशूच्या क्रूसापर्यंतच्या प्रवासावरची शुक्रवारची प्रार्थना) नेमकी धुळवडीच्या सुट्टीवर येते आणि मग सगळे तुमच्या तोंडाकडे बघतात.

दुसरं म्हणजे वर्गात कोण बसलंय ते बघा. वसईत कॅथलिक पुष्कळ, 1998 पासून आमचं स्वतंत्र धर्मप्रांत आहे, पण शाळेत निम्म्याहून जास्त मुलं हिंदू, मुस्लिम, बौद्ध अशी असणं काही नवीन नाही. टीचर्सचंही तेच. संविधानाच्या कलम 28 मध्ये स्पष्ट आहे की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही 2024 मध्ये शाळांना सांगितलं की आपल्या परंपरा इतर धर्माच्या मुलांवर लादू नका. मला विचाराल तर हे बंधन नाहीच, उलट कामाला मदतच होते. वर्गच्या वर्ग रांगेने चॅपलमध्ये आणला की मागच्या तीन ओळी कुजबुजतात आणि मग टीचरचा अर्धा वेळ डोळे वटारण्यात जातो. जी मुलं येणार नाहीत त्यांना मात्र नुसतं वर्गात कोंडून ठेवू नका, मूल्यशिक्षणाचा तास नीट तयारी करून घ्या, नाहीतर त्यांना ती शिक्षा वाटते.

राखेबद्दल. राख आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून करतात, तिला आशीर्वाद फादरच देणार (किंवा डीकन, म्हणजे फादरांच्या खालच्या पायरीचे सेवक), पण कपाळाला लावायला सिस्टर किंवा नेमलेले टीचर मदत करू शकतात, मुलं जास्त असली की हे फादरांशी आधीच बोलून ठेवा. राख हा काही बाप्तिस्म्यासारखा संस्कार नाही, त्यामुळे दुसऱ्या धर्माच्या मुलाने मागितली तर चर्चची मनाई नसते, पण मी तरी घरी विचारून ये म्हणते. आणि लावून आल्यावर वर्गात गणिताच्या सरांनी पुसून ये म्हणू नये म्हणून स्टाफरूममध्ये आदल्या दिवशी सांगायचं. हे होतं हो.

सगळ्यात जास्त जीव लावा तो शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेला. चौदा स्थानं, म्हणजे त्या प्रवासातले चौदा प्रसंग, आणि पुस्तकातून सगळी वाचत बसलात तर पाचवी-सहावीची मुलं चौथ्या स्थानालाच जांभया देतात. मी काय करते, प्रत्येक वर्गाला दोन-तीन स्थानं वाटून देते आणि प्रार्थना त्यांनाच लिहायला लावते, चार ओळींच्यावर नाही. मी फक्त शुद्धलेखन बघते, विचार बदलत नाही. कुरेनेकर शिमोन येशूचा क्रूस उचलतो त्या स्थानाला एका मुलाने लिहिलं होतं की विरार लोकलमध्ये माझ्या आईची पिशवी ज्या काकांनी धरली त्यांना आशीर्वाद दे. मी असलं काही लिहू शकले नसते. घरी आजी कादोडी (आमच्या वसईची बोली) बोलत असेल तर एखादी प्रार्थना तशीच येऊ दे, मुलं हसतात पहिल्यांदा, मग लक्ष देऊन ऐकतात.

आठवी-नववीला वेगळी देऊन बघा. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1991 मध्ये कोलोसियममध्ये पूर्ण बायबलवर आधारलेली क्रुसाची वाट केली होती, तिच्यात येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका नाही, तीनदा पडणं नाही, पण अटकेआधी येशूने व्याकूळ होऊन प्रार्थना केली ती गेथशेमानेची बाग आहे आणि शिष्य पेत्र येशूला ओळखत नाही म्हणतो ते आहे. या वयाच्या पोरांना पेत्र बरोबर कळतो, मित्राला सगळे चिडवत असताना आपण गप्प बसलो हे प्रत्येकाने केलेलं असतं. गेथशेमानेला तर परीक्षेची भीतीच लिहून येते, येऊ द्या.

आता उपवास. चर्चच्या नियमात मांस वर्ज्य करायचं बंधन वयाची चौदा वर्षं पुरी झाल्यावर आणि उपवासाचं अठरानंतर, म्हणजे तुमच्या शाळेतल्या बहुतेक मुलांना काहीच बंधन नाही. हे मुलांना आणि उत्साही पालकांना स्पष्ट सांगा, डबा न खाता पीटीला उभं राहू देऊ नका. पण विषय मात्र काढाच, कारण मिश्र वर्गात याच्याएवढी मजेची चर्चा दुसऱ्या कशावर होत नाही. आमच्याकडे एकादशीवाली मुलगी विचारते, शुक्रवारी मटण नाही आणि सुरमई चालते, हा कसला उपवास? कॅथलिक पोरगा म्हणतो, तुमची साबुदाण्याची खिचडी काय कमी आहे का? आणि रोजा ठेवलेला मुलगा दोघांकडे बघून नुसता हसतो, कारण तो पाणीसुद्धा प्यायलेला नसतो. तिथेच मुलांना आपोआप लक्षात येतं की सुरमई तळून खाल्ली तर नियम पाळला, पण सोडलं काय? मग काय सोडायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे. रील्स सोडणारे खूप निघतात, आठवडाभर टिकणारे कमी. विचारपूस करू नका.

दानाच्या डब्याबद्दल कडक राहा. वर्गावर्गात चढाओढ नको, कुणी किती टाकले याची यादी नको, फळ्यावर आकडा तर नकोच. ज्याच्या घरी फी भरायची मारामार आहे तो पोरगा त्या फळ्याखाली बसलेला असतो. वडापावचे पैसे वाचवून टाकले तर टाकले. पैसे कारितास इंडिया या कॅथलिक मदतसंस्थेच्या उपवासकाळातल्या मोहिमेला जाणार की धर्मग्रामातल्या (आपल्या चर्चच्या हद्दीतल्या) एखाद्या कुटुंबाच्या औषधाला, ते सुरुवातीला सांगा आणि शेवटी खरंच गेले हेही सांगा, कुटुंबाचं नाव न घेता.

कुमसाराला (फादरांपुढे पापांची कबुली द्यायला) हजेरीपटाच्या क्रमाने मुलं पाठवायची पद्धत काही ठिकाणी अजून आहे, ती बंद करा. फादर बसलेत, या वेळेत ज्याला जायचंय त्याने जावं, एवढंच सांगायचं. शाळेच्याच फादरांकडे जायला हवं असंही नाही, बाहेरचे एक फादर बोलावले तर मुलं मोकळी होतात. आत्मपरीक्षणाचा कागद दिलात तर तो परत गोळा करू नका, प्लीज.

मिस्साचं, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेचं, थोडक्यात. मुलांच्या मिस्सासाठी रोमचे 1973 चे नियम आहेत, त्यात वाचनं कमी करून एकच घेता येतं, फक्त शुभवर्तमान (येशूच्या जीवनावरचं वाचन) गाळायचं नाही. वेदीवर या काळात फुलं नसतात, त्यामुळे सजावटवाल्या मुलींना झेंडू आणू नका हे आठवडाभर आधी कळवा. कीबोर्ड गाण्याला साथ देण्यापुरताच, मधेमधे वाजवत राहायचं नाही, कीबोर्डवाला रुसेल, रुसू दे.

टीचर्ससाठी एखादा शनिवार सकाळी रिकलेक्शन, म्हणजे शांतपणे प्रार्थना-चिंतन, ठेवतात, त्याला कॅथलिक नसलेले टीचर्सही आपणहून येतात, फक्त पेपर तपासायच्या आठवड्यात ठेवू नका, सगळे मनातल्या मनात मार्कांची बेरीज करत बसतात.

ईस्टरच्या आधीचा पवित्र आठवडा शाळेत करायला जाऊच नका, तो चर्चचा आहे. गुड फ्रायडेला सुट्टी असते, मुलांना आपापल्या धर्मग्रामात जाऊ द्या. 2025 ला तर वार्षिक परीक्षाच एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालल्या, आज्ञा गुरुवारच्या (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाच्या) संध्याकाळी पाय धुण्याच्या विधीला जाऊन आलेलं मूल शनिवारी पेपरचा अभ्यास करत होतं. अशा वर्षी हेडमिस्ट्रेसना विनंती करून त्या आठवड्यात प्रोजेक्ट, प्रॅक्टिकल वगैरे ठेवू नका म्हणावं, बहुतेक ऐकतात.

एक राहिलं. सगळा जोर चाळीस दिवसांवर जातो आणि ईस्टर शाळेत येतच नाही, कारण तोवर पेपर आणि मग मे महिन्याची सुट्टी. खरं तर ईस्टरकाळ पन्नास दिवसांचा, लेंटपेक्षा मोठा. म्हणून सुट्टी लागायच्या आधीचा एखादा दिवस आत्ताच मागून ठेवा, आणि गाण्याच्या टीचरनाही कळवा, लेंटभर न गायलेला आलेलुया (देवाच्या स्तुतीचा घोष) मुलांकडून परत बसवायला त्यांना दोन तास तरी लागतात.