भाताचं पातं डोळ्याला लागलं तर: बुबुळाची जखम आणि औषधाला न जुमानणारे जंतू

कापणी-झोडणीच्या दिवसांत पातं नाहीतर कुसळ डोळ्याला लागतं आणि दोन दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. उजेड सहन होत नाही, पाणी थांबत नाही. हे साधे डोळे येणं नव्हे. त्याच दिवशी रत्नागिरी, ओरोस (सिंधुदुर्ग), जे जवळ पडेल तिथल्या नेत्रतज्ज्ञाकडे निघा. हिरवट पू असेल तर सकाळची वाट पाहू नका. सुडोमोनास जंतू एक-दोन दिवसांत बुबुळ विरघळवू शकतो.

निघण्याआधी दूध, मध, तूप, घरात उरलेले ड्रॉप, काहीही घालू नका. सगळ्यात घातक स्टेरॉइडचे ड्रॉप. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असतं. लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत जखम पसरत जाते. पात्याच्या जखमेत बरेचदा बुरशी असते, तिच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. काही घातलं असेल तर ती बाटली बरोबर न्या.

डॉक्टरांना विचारा, "खरवड घेणार ना?" भुलीचा थेंब टाकून जखमेची खरवड काढतात. बुरशी की जीवाणू, याचा अंदाज सूक्ष्मदर्शकाखाली त्याच दिवशी येतो. कोणतं औषध लागू पडेल ते कल्चरमधून, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून, दोन-तीन दिवसांनी कळतं. औषध आधी सुरू झालं तर कल्चरमध्ये पुष्कळदा काहीच उगवत नाही.

"नवीन, भारी ड्रॉप द्या" असा हट्ट नको. उदाहरणार्थ, बेसिफ्लोक्सॅसिन हे नव्यांपैकी अँटिबायोटिक, फक्त डोळ्यासाठीच बनवलेलं. 2009 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तीही डोळे येण्यावर, बुबुळाच्या जखमेवर नव्हे. मॉक्सिफ्लोक्सॅसिन या नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या सुडोमोनासवर उलट जुनं, किडनीला त्रास देतं म्हणून मागे पडलेलं कोलिस्टिन थेंबांतून वापरतात. निवड रिपोर्टवरून होते.

गंभीर जखमेत इंजेक्शनच्या औषधापासून जास्त ताकदीचे थेंब बनवून देतात: व्हॅन्कोमायसिन 5 टक्के, टोब्रामायसिन 1.4 टक्के. ते चुरचुरतात, म्हणून बंद करू नका. पहिले दोन दिवस बहुधा दर तासाला, रात्रीसुद्धा; गजर लावा, घरातल्या दोघांनी पाळी वाटून घ्या. हात धुवा, खालची पापणी ओढून खळगा करा, एकच थेंब टाका. दुसरा गालावरच ओघळतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबा. दुसरं औषध पाच मिनिटांनी, नाहीतर पहिलं धुऊन जातं. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. 2023 मध्ये अमेरिकेत दूषित कृत्रिम अश्रूंमधून औषधांना न जुमानणारा सुडोमोनास पसरला, चौघे दगावले.

हे थेंब फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवा, फ्रीजरमध्ये नव्हे. वादळात वीज गेली तर बाटली पिशवीत गुंडाळून बर्फाच्या थर्मासात. तयार केल्याची तारीख बाटलीवर लिहा. आठवडा झाला की टाकून द्या, डॉक्टरांनी कमी दिवस सांगितले असतील तर त्याआधीच.

रोज एकाच जागी, एकाच उजेडात मोबाइलवर फोटो काढा. 48 तासांनी ठिपका वाढलेला दिसला, किंवा बुबुळामागे तळाशी पूची पांढरी रेघ साचली, तर फोटो आणि रिपोर्ट घेऊन पुढच्या मोठ्या रुग्णालयात जा: सिंधुदुर्गातून गोव्यातलं बांबोळी किंवा कोल्हापूर, उत्तरेकडून मुंबई.