वारशाने आलेली जुनी दुनळी बंदूक: ओळख आणि मूल्य

गिरगावातल्या किंवा दादरच्या जुन्या घरात आजोबांची दुनळी सापडली, तर तिची किंमत विचारण्याआधी परवाना शोधावा. परवानाधारकाच्या निधनानंतर ती नुसती घरात ठेवणे बेकायदेशीर ठरू शकते. म्हणून जवळच्या पोलीस ठाण्याला कळवून ती रीतसर जमा करावी आणि मुंबईत परवान्यासाठी पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करावा.

ओळख पटवताना बंदूक रिकामी असल्याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी. निर्मात्याचे नाव बहुधा नळ्यांमधील पट्टीवर किंवा यंत्रणेच्या बाजूच्या पट्ट्यांवर असते. पण ते नाव कधी केवळ विक्रेत्याचे असते, त्यामुळे खरा पुरावा नळ्यांच्या तळाशी, बंदूक उघडल्यावर दिसणाऱ्या चाचणी-मुद्रांत (नळी दाब सोसते हे तपासून मारलेल्या अधिकृत ठशांत) मिळतो. ब्रिटिश बंदुकीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमची मुद्रा असते, आणि ‘नॉट फॉर बॉल’ (एकसंध गोळीसाठी नव्हे) हा ठसा साधारण 1875 ते 1887 हा काळ सुचवतो. नळ्यांवर लाटांसारखी नक्षी दिसली, तर त्या बहुधा दमास्कस पद्धतीच्या, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या आहेत; अशा बंदुकीत आजची काडतुसे भरून पाहण्याचा मोह मुळीच धरू नये.

मूल्य ठरते ते निर्माता, मूळ भाग, नळ्यांच्या भिंतींची जाडी आणि मूळ पेटी यांवर. गंज दिसला तरी पॉलिश करू नये, कारण मूळ रंग घासून गेला की संग्राहकाचा रसही जातो. परदेशी लिलावांतले आकडे येथे फारसे उपयोगी नाहीत: येथील खरेदीदाराला परवाना लागतो, आणि शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येत असल्यास ती खासगीरीत्या देशाबाहेर पाठवता येत नाही.